रेल्वे नसलेल्या गावातला ‘शोले’

मुलांनो, ‘शोले’ किती जणांनी पाहिलाय? हात वर करा बघू!

आमच्या पाचवीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा सगळेच्या सगळे हात वर गेले. ज्यांनी पाहिला नव्हता त्यांचेसुद्धा! गब्बरसिंग कोण हे ठाऊक नसलेलं पोर आमच्या सोलापुरात सापडायचं नाही. त्या दिवशी बाहेर पाऊस कोसळत होता, खेळाचा तास बुडाला होता, आणि पोरं वर्गातच दरोडेखोर-ठाकूर खेळून बाकं मोडायच्या बेतात होती. म्हटलं, यांना गोष्टीत गुंतवावं.

“बाई, ते रामगड खरंच आहे का ओ?” एकीनं विचारलं.

रामगड सिनेमापुरतंच होतं. कर्नाटकात बंगळुरूजवळ रामनगर नावाचं गाव आहे. तिथल्या अजस्र खडकांच्या पायथ्याशी कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी अख्खं गाव उभं केलं होतं. घरं, देऊळ, पाण्याची टाकी, सगळं. आगगाडीवरच्या दरोड्याचा प्रसंग मात्र आपल्या महाराष्ट्रातला, पनवेल-उरण मार्गावरचा! दोन वर्षांहून जास्त काम चाललं, सुमारे तीन कोटी रुपये खर्च झाले आणि 15 ऑगस्ट 1975 ला चित्रपट लागला. गब्बर जिथे बसायचा त्या रामदेवर बेट्टावर आता गिधाडांचं अभयारण्य आहे. डोंगर तोच, रहिवासी बदलले!

“आणि दुसरा एक ‘शोले’ आहे,” मी म्हटलं, “पन्नास हजारांतला. आपल्याच महाराष्ट्रात, मालेगावला काढलेला. त्यात दरोडेखोर घोड्यांवरून येत नाहीत, सायकलींवरून येतात.”

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. एक मुलगा मात्र हसला नाही. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. सुट्टीच्या दिवशी तो स्वतःही कांड्या भरायला बसतो. “कुणी काढला तो पिक्चर?” त्यानं विचारलं.

“तुझ्या बाबांसारख्या लूमवरच्या माणसांनीच. त्यांच्या मित्रांनी.”

“खोटं सांगू नका ओ बाई. लूमवाल्याला सुट्टी कुठं असते?”

आता सांगा, याला काय उत्तर द्यायचं? बाईंना खोटं ठरवलं म्हणून रागवायचं की प्रश्न बरोबर आहे म्हणून शाबासकी द्यायची? मी दोन्ही केलं नाही. दिवाळीची सुट्टी लागली आणि मी मालेगावला गेले.

जायचं ठरवलं खरं, पण घरी-दारी एकच प्रश्न. “मालेगावला? तिथे कशाला?” शेजारच्या काकू तर म्हणाल्या, “अगं, त्यापेक्षा शिर्डीला जा, जवळच आहे.” वर्तमानपत्रात मालेगावचं नाव आपण वाचतो ते दंगलीच्या नाहीतर स्फोटांच्या बातमीत. 2006 साली तिथे स्फोट झाले, 2008 साली पुन्हा झाले, माणसं दगावली. त्यामुळे नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते. मीही थोडी घाबरले होते, कशाला लपवू? पण माझी डी.एड.ची मैत्रीण लग्नानंतर तिकडे गेली आणि गेली दहा वर्षं मालेगाव तालुक्यातल्या शाळेत शिकवते आहे. ती फोनवर म्हणाली, “तू ये तर खरी. इथली पोरंही तुझ्या पोरांसारखीच शेंबडी आहेत!”

सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसनं दौंड, अहिल्यानगर करत मनमाडला उतरायचं. पुढे तासाभराचा रस्ता. कारण मालेगावला रेल्वे स्टेशनच नाही. मनमाड-इंदूर या नव्या मार्गाला 2024 साली मंजुरी मिळाली आहे, तो झाला की गाडी येईल. पण जेव्हा तिथे ‘शोले’ काढायचं ठरलं तेव्हा पंचाईत अशी, की आगगाडीवर दरोडा घालायचा तर आगगाडी आणायची कुठून? मग त्यांनी काय केलं माहीत आहे? आगगाडीच्या जागी बस घेतली! मनमाडहून मालेगावला जाणाऱ्या आमच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले होते, आणि खरं सांगते, मागून कुणी सायकलवाले येतात का म्हणून दोन-तीनदा वळून पाहिलं.

गाव जवळ आलं की आधी आवाज येतो. खट्-खटाक्, खट्-खटाक्. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला हा आवाज ओळखायला वेळ लागत नाही. मला तर एकदम घरी आल्यासारखं वाटलं. फरक इतकाच, की आपल्याकडे टॉवेल आणि चादरी निघतात, तिथे साधं कोरं कापड आणि रंगीत साड्या. बाकी सगळं तसंच: बोळातून बाहेर आलेली मागांची रांग, दाराशी सुताच्या कोन भरलेल्या गोण्या, केसांवर कापसाची पांढरी बुरी बसलेली माणसं. बारा-बारा तासांची पाळी. मैत्रीण म्हणाली, “इथली पोरं वर्गात मोठ्यानं बोलतात, कारण घरात हळू बोललेलं ऐकूच येत नाही.” आमच्याकडेही तसंच आहे गं, मी म्हटलं.

ही विणकर मंडळी मूळची इथली नाहीत. 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून पुष्कळ विणकर कुटुंबं दक्षिणेकडे निघाली, त्यांतली बरीचशी मोसम नदीच्या काठी या गावात थांबली. सोलापूरच्या पूर्व भागातली पद्मशाली कुटुंबं तेलंगणातून आली, तशीच ही गोष्ट. हात एका कामात बसलेले असले की माणूस परक्या गावातही तेच काम शोधतो. आधी हातमाग होते, पुढे वीज आली तसे यंत्रमाग आले.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर. लूमवाल्याला सुट्टी असते का? मालेगावात असते, शुक्रवारी. मी गेले ती गुरुवारी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती शांततेनं! आख्खं गाव जणू श्वास रोखून बसलंय असं वाटलं. शुक्रवारी माग बंद, दुपारची नमाज झाली की हातात रिकामा दिवस. आणि या रिकाम्या दिवसाला मालेगावची माणसं वर्षानुवर्षं एकच गोष्ट करत आली: सिनेमा पाहणं. नवा सिनेमाही शुक्रवारीच लागतो, हा योगायोग त्यांच्या चांगलाच पथ्यावर पडला. थिएटरं होती, शिवाय व्हिडिओ पार्लरं होती. हे व्हिडिओ पार्लर म्हणजे काय ते तुमच्या आई-बाबांना विचारा. एक खोली, एक टी.व्ही., एक व्ही.सी.आर. आणि बाकांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं.

असंच एक पार्लर नासिर शेख नावाचा तरुण चालवायचा. त्याला हसवणारे सिनेमे फार आवडायचे. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन. या मूक सिनेमांना भाषा लागत नाही, त्यामुळे ते अमेरिकेत काढले काय आणि मालेगावात पाहिले काय, पडणारा माणूस सारखाच पडतो. लोक कुठे हसतात, कुठे कंटाळून बिडी ओढायला बाहेर जातात, हे नासिर दाराशी उभा राहून बघत असे. मला वाटतं, त्याची खरी शाळा हीच. लग्नाचं शूटिंगही तो करायचा, म्हणजे कॅमेरा हाताला माहीत होता. मग त्याच्या मनात आलं, आपणच का काढू नये सिनेमा? आणि काढायचाच तर सगळ्यांना पाठ असलेला काढावा, आणि तो मालेगावचा करून टाकावा!

अशा तऱ्हेनं 2000 साली ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. मोठ्या सिनेमाची नक्कल करून हसवायचं, याला विडंबन म्हणतात. तुम्ही स्नेहसंमेलनात बाईंची नक्कल करता ना, तेच. (मला सगळं माहीत असतं बरं का!) कलाकार कोण? लूमचे कामगार, दुकानदार, मित्र. पैसे कुणालाच नाहीत. बायकांची भूमिका करायला गावातली एकही स्त्री तयार होईना, म्हणून नासिरच्या सिनेमांतली नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. खर्च सुमारे पन्नास हजार. जरा गणित करा: तीन कोटींत पन्नास हजार किती वेळा जातात? सहाशे! म्हणजे एका ‘शोले’च्या पैशांत मालेगाववाल्यांनी सहाशे काढले असते. अर्थात 1975 चा रुपया आणि 2000 चा रुपया सारखा नव्हे. पण ते गणित पुढच्या इयत्तेत.

कॉम्प्युटर नसताना त्यांनी सिनेमाची जोडणी कशी केली, ते मला फार आवडतं. दोन व्ही.सी.आर. शेजारी ठेवायचे. एकात शूटिंगची कॅसेट, दुसऱ्यात कोरी. पहिला चालू करायचा, हवा तो प्रसंग आला की दुसऱ्याचं बटण दाबून रेकॉर्ड करायचं, प्रसंग संपला की थांबवायचं. मग पुढचा प्रसंग शोधायचा. बोट अर्ध्या सेकंदानं चुकलं तर सगळं पुन्हा! शिवाय कॅसेटवरून कॅसेटवर उतरवताना चित्र दर वेळी थोडं फिकं होतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर होतं तसं. त्यामुळे खरं सांगायचं तर ‘मालेगाव के शोले’ दिसायला काही देखणा नाही. पण गावात तो तुफान चालला. पडद्यावर आपलीच गल्ली, आपलाच शेजारी गब्बर बनून आलेला. मग का नाही चालणार?

शुक्रवारी दुपारी मैत्रीण, तिचा मुलगा, मी आणि ओळखीचे एक वयस्कर चाचा असे आम्ही त्या जागा बघायला निघालो. चाचा चाळीस वर्षं मागावर उभे होते, आता पाय थकले म्हणून घरी असतात. मला “बहनजी” म्हणायचे आणि मैत्रिणीला “टीचर”. दोघींना मिळून एकदा “मैडम लोग” म्हणाले, तेव्हा तिचा मुलगा खो-खो हसला.

मी काय डोक्यात घेऊन गेले होते, सांगू? पाटी असेल. ‘येथे अमुक प्रसंग चित्रित झाला.’ निदान एखादा चहावाला तरी दाखवेल. छे! रामनगरला लोक तिकीट काढून डोंगर चढतात. मालेगावात बोट दाखवण्यासारखं काही नाही, आणि गंमत अशी की सगळंच आहे. चाचा एका बोळात उभे राहून म्हणाले, “ये गली.” पुढच्या बोळात म्हणाले, “ये भी.” नदीच्या पात्राशी आलो तर “यहाँ तो बहुत कुछ हुआ.” मोसम नदीला पाणी बेताचं होतं, काठावर म्हशी बसल्या होत्या. गावाबाहेर माळ, खडी, बाभळी. एका मोकळ्या जागेत पोरं क्रिकेट खेळत होती, स्टंप म्हणून तीन विटा. त्यांना विचारलं, “इथे शूटिंग झालं होतं, माहीत आहे का?” एक जण म्हणाला, “कोण आलं होतं? सलमान?”

नाही रे बाबा. तुझेच काका-मामा आले होते.

गावात भुईकोट किल्लाही आहे बरं का, आपल्या सोलापूरसारखाच. अठराव्या शतकात नारोशंकरांनी तो मोसमच्या काठी बांधला. 1818 साली इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा आतल्या अरब शिपायांनी त्यांना चांगलंच झुंजवलं. या किल्ल्यात आता शाळा भरते! मला त्या मुलांचा हेवा वाटला. बुरुजाखाली डबा खायचा म्हणजे काय! असो, आपण सिनेमाकडे वळू.

‘शोले’नंतर नासिरभाईंची हिंमत वाढली. पुढे त्यांनी थेट ‘सुपरमॅन’ला हात घातला. आता सायकलीचा घोडा करता येतो, पण माणूस उडवायचा कसा? त्यांची ही सगळी खटपट दिल्ली-मुंबईपर्यंत पोचली, ती फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेमुळे. त्यांनी मालेगावला मुक्काम करून ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट काढला. तो 2008 मध्ये तयार झाला, 2012 साली आपल्याकडे थिएटरात लागला. मी तो तीनदा पाहिलाय आणि तीनही वेळा बैलगाडीच्या प्रसंगाला हसून डोळ्यांत पाणी आलंय.

कॅमेरा खालून वर उचलत न्यायचा असेल तर मोठ्या सिनेमात क्रेन आणतात. मालेगावकरांनी बैलगाडी आणली! बैल सोडले. जुवाकडच्या लांब टोकावर कॅमेरा घेऊन माणूस बसला, आणि बाकीच्यांनी गाडीची मागची बाजू खाली दाबली. झालं! पुढचं टोक कॅमेऱ्यासकट हवेत. विज्ञानात ‘तरफ’ शिकलो आपण, आठवतं? गाडीचा आख म्हणजे टेकू, मागची माणसं म्हणजे बल, पुढचा कॅमेरावाला म्हणजे भार. सीसॉसुद्धा हाच. आणि कॅमेरा रुळांवरून सरकवायचा असेल तर? कॅमेरावाल्याला सायकलवर बसवायचं आणि मागून ढकलायचं.

उडण्यासाठी त्यांनी हिरवं कापड वापरलं. हिरव्या कापडासमोर माणूस आडवा धरून चित्र घ्यायचं. मग कॉम्प्युटरला सांगायचं, यातला सगळा हिरवा रंग पुसून टाक आणि तिथे दुसरं चित्र बसव. आभाळ, ढग, गावाची घरं, काहीही. माणूस उडाला! हिरवाच रंग का? कारण माणसाच्या कातडीत हिरवा रंग नसतो. निळं कापडही चालतं, पण सुपरमॅनचे कपडेच निळे. निळं पुसायला गेलं तर सुपरमॅनचं फक्त डोकं आणि हात आभाळात हिंडले असते! मालेगावच्या मंडळींनी हे कापड एका ट्रकच्या बाजूला ताणून बांधलं आणि ट्रक रस्त्यानं पळवला, म्हणजे वाऱ्यानं सुपरमॅनचा झगा फडफडावा. एकदा तर त्यांचा कॅमेराच पाण्यात पडला. एकुलता एक कॅमेरा! तेव्हाचे त्या सगळ्यांचे चेहरे बघवत नाहीत.

हा सुपरमॅन कोण होता? शफीक शेख. यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. अमेरिकेतल्या सुपरमॅनचे दंड आपल्या मांडीएवढे, तर शफीकचं अख्खं अंग एका हातात मावेल असं. चड्डीचा नाडा बाहेर लोंबतोय, आणि हा निघाला जगाला वाचवायला! शूटिंग चालू असतानाच त्याचं लग्न ठरलं, तर सुपरमॅननं लग्नासाठी रजा घेतली. पडद्यावर तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा हसू येतं. थोड्या वेळानं मात्र हसता हसता आपण त्याच्या बाजूचे होतो. तो लाजतो इतका छान!

मुलांनो, आता जे सांगायचंय ते सांगू की नको, असं मी दोन दिवस घोळवत होते. पण तुम्ही लहान असलात तरी तुमच्यापासून लपवावं असं त्यात काही नाही.

शफीकला तोंडाचा कॅन्सर झाला. 2011 साली तो गेला. ऐन तारुण्यात. त्याच्या सिनेमातली लढाई होती ती तंबाखूशी. गावाला लागलेलं तंबाखूचं व्यसन आणि घाण यांच्याविरुद्ध मालेगावचा सुपरमॅन लढतो. हसवत हसवत, पण लढतो. आणि मागावर बारा तास उभं राहायचं, झोप येऊ द्यायची नाही, भूक मारायची, म्हणून गालात तंबाखू धरायची, ही सवय मालेगावात काय आणि आपल्याकडे काय, घराघरात. आपल्या राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुड्या कुठे मिळतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

नदीकाठी बसून चाचांनी शफीकचं नाव काढलं. म्हणाले, हसायचा फार. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. माझ्या मैत्रिणीचा मुलगा पाण्यात खडे मारत होता. चाचांच्या खिशात डबी होती, मला दिसली. त्यांनाही कळलं मला दिसली ते. त्यांनी ती काढली नाही, टाकूनही दिली नाही. आम्ही उठलो.

परतताना मैत्रिणीनं मला एका थिएटरवरून नेलं. बाहेर तरुण पोरांची ही गर्दी! मालेगावच्या या मंडळींवर रीमा कागती यांनी मोठा हिंदी चित्रपट काढला, ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. तो 28 फेब्रुवारी 2025 ला आपल्याकडे लागला. आदर्श गौरव त्यात नासिर झालाय, शशांक अरोरा शफीक. म्हणजे बघा हं: मोठ्या सिनेमाची नक्कल मालेगावनं केली, आणि मग मोठ्या सिनेमावाल्यांनी मालेगावची केली! वडीलधाऱ्यांसोबत जरूर पाहा, मात्र आधी माहितीपट पाहिलात तर जास्त मजा येईल, असं माझं मत. खऱ्या शफीकचं लाजणं कुठल्याच नटाला जमायचं नाही.

शाळा सुरू झाली. मी वर्गात सगळं सांगितलं. शेवटच्या भागाला वर्ग गप्प झाला. मग तोच मुलगा उभा राहिला. “बाई, माझे बाबा पण खातात.” आणि त्याच्या मागून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, माझी आई विड्या वळते. तिनं काय करायचं मग?”

आमच्या वर्गातल्या कितीतरी जणींच्या आया विड्या वळतात. तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बसतात. त्या विड्यांवर वह्या येतात, दप्तर येतं, सहलीची वर्गणी येते. डी.एड.ला मला पाठ कसा घ्यायचा ते शिकवलं होतं, या प्रश्नाचं उत्तर शिकवलं नव्हतं. मी तिला म्हटलं, “बाळा, तुझ्या आईला दुसरं काम मिळालं तर ती ते करेल. ते मिळवून देणं हे मोठ्या माणसांचं काम आहे, तुझं नाही.” तिनं मान हलवली. तिला पटलं का, मला सांगता येणार नाही. मला तरी कुठे पुरतं पटलं होतं!

पण पोरं ती पोरंच. दोन मिनिटांत एक जण ओरडला, “बाई, आपण पण उडायचं का?”

मग ठरलं. माझा मोबाइल हाच कॅमेरा. मोबाइलमध्ये हिरवा रंग पुसणारं ॲप घेतलं. मागे बसवायला सिद्धेश्वर तलावाचा फोटो काढून आणला. दोन बाकं जोडून उडायची जागा तयार झाली. झगा म्हणून कुणाच्या तरी बहिणीची लाल ओढणी. प्रश्न उरला हिरव्या कापडाचा. तर आमचा लूमवाल्याचा मुलगा म्हणाला, “मी आणतो की! घरी हिरवी चादर आहे. बाबांनी स्वतः काढलीय.”

दुसऱ्या दिवशी तो चादर घेऊन आला, आणि मागोमाग त्याचे बाबाही आले. रात्रपाळी करून तसेच आले होते, केसांवर बुरी होती. म्हणाले, “बाई, हा म्हणतो सिनेमा काढताय. चादर फाटणार नाही ना?”

चादर छानच होती. अस्सल सोलापुरी, जाडजूड. आम्ही फळ्यावर ताणून बांधली. मुलगा बाकावर पालथा झाला, हात पुढे केले, दोघांनी ओढणी फडफडवली, एकानं पुठ्ठ्यानं वारा घातला. मी चित्र घेतलं, हिरवा रंग पुसला आणि सगळ्यांना दाखवलं. सिद्धेश्वर तलावावरून आमचा सुपरमॅन खरंच उडत होता! फक्त त्याच्या पाठीमागे आभाळात एक भला मोठा लाल मोर उभा होता. सोलापुरी चादर म्हणजे नक्षी आलीच. मोर लाल सुताचा, तो कसा पुसला जाणार?

वर्ग हसून हसून लोळला. मी म्हटलं, उद्या कुणीतरी साधं हिरवं कापड आणा, पुन्हा घेऊ. तर सुपरमॅन बाकावरून उडी मारून म्हणाला, “नको बाई, मोर राहू द्या. बाबांनी काढलाय तो.”

त्याचे बाबा दाराशी उभे राहून मोबाइलमध्ये वाकून बघत होते. त्यांनी ते चित्र तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, “आमच्या मालकाला दाखवायचंय ओ. पाठवता का मला?”